खालची सहावी दाढ गेली. ब्रिजसाठी शेजारचा चांगला दात घासून घ्यावा का?

सांजवारा

नमस्कार मंडळी. डाव्या बाजूची खालची मोठी दाढ साडेतीन महिन्यांपूर्वी काढावी लागली. मधल्या रेषेपासून मोजलं तर सहावा दात. तिचं रूट कॅनाल पंधरा वर्षांपूर्वी झालं होतं, वर कॅपही होती, पण मुळाला उभी चीर गेली आणि ती वाचवायचा काही उपाय उरला नाही. जखम आता पूर्ण भरली आहे. जीभ मात्र दिवसभर त्याच खाचेत जाते, आणि मी सगळं उजवीकडूनच चावायला लागलोय हे परवा घरच्यांनी लक्षात आणून दिलं.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक ब्रिज: पाचवा आणि सातवा दात घासायचे, त्या दोघांवर कॅप आणि मध्ये त्यांना जोडलेला खोटा दात, असा तीन दातांचा एकसंध तुकडा पक्का चिकटवायचा. दुसरी इम्प्लांट: हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात. विचार करून सांगा म्हणाले.

अडलंय ते इथे. सातव्या दाढेत आधीच मोठं चांदीचं फिलिंग आहे, तिचं मला फारसं वाटत नाही. पण पाचवा दात कोरा आहे. त्याला आजवर कधी मशीन लागलेलं नाही. शेजारचा गेला म्हणून चांगल्या दाताला घासायचं, हे मनाला पटत नाही. दुसरीकडे हाडात भोक पाडायचं म्हटलं की हातपाय गार पडतात. वय ४३, मधुमेह नाही, सिगारेट-तंबाखू नाही. ज्यांनी ब्रिज केलाय त्यांनी सांगावं: घासलेला दात पुढे टिकतो का? आणि ब्रिज किती वर्षं जातो?

तिसरी_घंटा

माझं मत विचाराल तर इम्प्लांट. मला चार वर्षं झाली, तीच दाढ, फक्त उजवीकडची. भीती मलाही होती. प्रत्यक्षात भूल दिल्यावर दुखलं नाही, फक्त मशीनची थरथर जबड्यात जाणवत होती. दाढ काढताना मला जास्त त्रास झाला होता. नंतर तीन महिने हाड धरेपर्यंत थांबलो आणि मग वरचा दात बसवला. शेजारच्या दोन्ही दातांना कुणी हात लावला नाही. चांगला दात घासू नका एवढंच सांगेन.

मेणाचे_दात

सांजवारा दादा, मी डॉक्टर नाही. २७ वर्षं डेंटल लॅबमध्ये कॅपा आणि ब्रिज बनवते आहे. रुग्णाचं तोंड माझ्यासमोर कधी येत नाही. माझ्याकडे येतं ते माप, त्यातून ओतलेलं प्लास्टरचं मॉडेल, आणि हल्ली बरेचदा नुसती स्कॅनची फाईल. त्यामुळे मी जे लिहिते आहे ते टेबलावरच्या दिव्याखाली पाहिलेलं आहे. शिवाय माझ्या स्वतःच्या तोंडात २००९ साली ब्रिज बसला, तुमच्यासारखाच, पाच ते सात. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आधी घासलेला दात कसा दिसतो ते सांगते, कारण तुम्हाला धास्ती त्याचीच आहे. वरच्या बाजूला किंचित निमुळता होत गेलेला खुंट दिसतो. चावायच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर आणि चहूबाजूंनी एक ते दीड मिलिमीटर जातं. ऐकायला हे थोडं वाटतं. पण दाताचं इनॅमल जिथे सर्वांत जाड असतं तिथेही ते अडीच मिलिमीटरच्या आसपासच असतं, हिरडीजवळ तर कागदासारखं पातळ होत जातं. पूर्ण कॅपसाठी दात घासला की हिरडीवर दिसणाऱ्या दातापैकी अर्ध्याहून जास्त भाग गेलेला असतो. आणि तो परत येत नाही. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतो तेव्हाच संपलेल्या असतात. म्हणून तुम्हाला जे वाटतंय ते उगाच वाटत नाही.

आता टिकण्याचं. ब्रिजवरचे बरेच अभ्यास एकत्र करून आकडे काढले गेले आहेत. दोन्ही बाजूंनी आधार असलेले साधे ब्रिज दहा वर्षांनी १०० पैकी साधारण ८९ तोंडात असतात. ही काही वाईट गोष्ट नाही. पण त्याच अभ्यासांत असंही दिसलं की कॅप चढवलेल्या जिवंत दातांपैकी साधारण दहातल्या एकाची नस दहा वर्षांत मरते आणि मग त्याचं रूट कॅनाल करावं लागतं. तुमच्या पाचव्या दाताच्या बाजूने विचार करताना हा दहातला एक लक्षात ठेवा.

दोन्ही शेजारी कोरे असते तर मीही वरच्या दादांसारखं इम्प्लांटच म्हटलं असतं. दोघांवर आधीपासून कॅपा असत्या तर बिनधास्त ब्रिज म्हटलं असतं, कारण तिथे गमवायला फारसं काही उरलेलं नसतं. तुमचं प्रकरण मधलं आहे. सातव्या दाढेत मोठं फिलिंग आहे म्हणजे तिच्या भिंती पातळ झाल्या असणार. तिला आज ना उद्या कॅप लागेलच, त्यामुळे ब्रिजने तिचं भलंच होईल. प्रश्न एकट्या पाचव्याचा आहे.

ब्रिज पेलेल का, हा वेगळा प्रश्न. तिथे जुना पण अजून उपयोगी हिशोब आहे. १९२६ साली अँटे यांनी मांडला: आधाराच्या दातांच्या मुळांचं एकूण क्षेत्रफळ हे गेलेल्या दाताच्या मुळांच्या क्षेत्रफळाइतकं तरी असावं. खालच्या सहाव्या दाढेच्या मुळांचं सरासरी क्षेत्रफळ ४३१ चौरस मिलिमीटर. पाचव्याचं २०७, सातवीचं ४२६, दोन्ही मिळून ६३३. म्हणजे तुमच्याकडे भरपूर आधार आहे. अट एकच, मुळं हाडात पूर्ण रुतलेली हवीत. हिरड्यांच्या आजाराने हाड खाली गेलं असेल तर हवेत उभा असलेला मुळाचा भाग या बेरजेत धरायचा नाही. हे एक्स-रेवर डॉक्टर दोन मिनिटांत सांगतील.

तुमची एकच दाढ गेली आहे, ही दुसरी जमेची बाजू. ब्रिजचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. एक खोटा दात असताना तो जेवढा वाकेल, तेवढ्याच जाडीचा दोन खोट्या दातांचा ब्रिज आठपट वाकतो, आणि तीन असले तर सत्तावीसपट. लांबलचक ब्रिजचं काम टेबलावर आलं की माझं मन धास्तावतं. मात्र एका दाताची फट ब्रिजने भरणं हे आमचं रोजचं आणि सर्वांत भरवशाचं काम आहे.

तुम्ही काहीही ठरवा, पण वर्षभर घोळवत बसू नका. फट मोकळी राहिली की सातवी दाढ पुढे झुकते आणि वरची सहावी हळूहळू खाली उतरते. माझ्याकडे असं एक मॉडेल आलं होतं. दहा वर्षं दात बसवलेला नव्हता, आणि वरची दाढ खालच्या हिरडीपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर येऊन थांबली होती. तिथे मी दात बसवणार कुठे? आणि मागची दाढ झुकली असेल तर दोन खुंट समांतर होत नाहीत. ब्रिज हा एकसंध तुकडा, तो दोन्ही खुंटांवर एकाच वाटेने उतरला पाहिजे. खुंट तिरके असले की वाट जुळवण्यासाठी डॉक्टरांना आणखी घासावं लागतं, आणि ते नसेच्या जवळ जातं.

आता माझं. माझा ब्रिज आठ वर्षं छान चालला. २०१७ च्या सुमारास सकाळी उठल्यावर तोंडात एक घाण चव यायला लागली. दात हलत नव्हता, दुखत नव्हता. तपासणीला गेले तेव्हा काहीतरी सैल वाटतंय असं मी बोलले होते. ब्रिज हलवून पाहिला गेला, घट्ट आहे म्हणाले, मी घरी आले. खरं तर मागच्या कॅपचं सिमेंट निघून गेलं होतं आणि पुढच्या पाचव्या दाताने सगळा ब्रिज धरून ठेवला होता. त्यामुळे बाहेरून तो घट्टच लागायचा. आत मात्र मागच्या खुंटाभोवती दिवसरात्र लाळ झिरपत होती. पुढच्या वर्षी ब्रिज कापून काढला तेव्हा सातवी दाढ ओल्या बुचासारखी मऊ, तपकिरी झाली होती. ती गेली. पाचव्यावर आज एकटी कॅप आहे, सहाव्या जागी इम्प्लांट आहे, सातवीची जागा मोकळीच ठेवली.

म्हणून ब्रिज असलेल्या प्रत्येकाला मी एक परीक्षा शिकवते. आरशासमोर चांगल्या उजेडात उभं राहायचं, गाल बाजूला ओढायचा आणि ब्रिजची एकेक बाजू बोटाने खाली दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. कॅपच्या कडेला, हिरडीपाशी, लाळेचे बारीक बुडबुडे येताना दिसले तर आतलं सिमेंट सुटलं आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं आणि "दाबल्यावर बुडबुडे येतात" हेच शब्द वापरायचे. "सैल वाटतंय" म्हणायचं नाही. लवकर कळलं तर खुंट वाचतो.

रानजाई

मेणाचे_दात ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी आत्ता उठून आरशात बघून आले. बुडबुडे नाहीत, हुश्श झालं.

माझा ब्रिज वेगळ्या जातीचा आहे म्हणून लिहिते. माझा वरचा डावा दुसरा दात जन्मतःच नव्हता. हिरडीत मुळी तयारच झाला नाही. मला मेरीलँड ब्रिज बसवला आहे. यात दात पूर्ण घासत नाहीत. खोट्या दाताला मागच्या बाजूने एक पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या पाठीवर चिकटवतात. समोरून काहीच दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की १९७३ साली रोशेट यांनी भोकं पाडलेली धातूची पट्टी दातामागे चिकटवायची कल्पना मांडली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात धातूची आतली बाजू सूक्ष्म खरखरीत करून चिकट पकडायची पद्धत निघाली. नाव तिथून आलं.

माझा पहिला ब्रिज दोन पंखांचा होता, दोन्ही शेजाऱ्यांना चिकटवलेला. दोनदा सुटला. दोन दात चावताना वेगवेगळे हलतात आणि मध्ये ओढाताण होते म्हणे. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी एकच पंख ठेवला, फक्त सुळ्याला चिकटवलेला, आणि आता सहा वर्षं तो जागचा हललेला नाही. दादांना पाचवा वाचवायचा असेल तर असं काही दाढेला होतं का?

सांजवारा

सगळ्यांचे आभार. मेणाचे_दात ताई, एवढं बारकाईने मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुमची दाढ गेली हे वाचून वाईट वाटलं.

रानजाई ताईंच्या प्रश्नाला जोडून माझाही एक. सातव्या दाढेला कॅप लागणारच असेल, तर फक्त तिचाच आधार घेऊन खोटा दात पुढे काढता येणार नाही का? म्हणजे पाचवा सुटेल. दुसरं, धातूवर पोर्सिलेन घ्यावं की झिरकोनिया (धातू न वापरता केलेलं पांढरं, कडक सिरॅमिक)? तिसरं, ब्रिज पक्का चिकटवलेला असताना त्याच्या खालून साफ कसं करायचं? तुमच्या दाढेची हकिगत वाचल्यापासून हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटायला लागला आहे.

निळा_डबा

माझी सातवी दाढ आठ वर्षांपूर्वी गेली. डॉक्टरांनी ब्रिज किंवा इम्प्लांट काही न करता जागा तशीच सोडायला सांगितलं. कायझर नावाच्या डच दंततज्ज्ञांनी १९८१ साली दाखवून दिलं की पुढून पाचव्या दातांपर्यंत, म्हणजे वर-खाली मिळून वीस दात नीट एकमेकांवर बसत असले तर बहुतेकांचं चावणं व्यवस्थित चालतं. मला आजवर काही अडचण नाही. पण ही गोष्ट सर्वांत मागच्या दाढेची. दादांच्या फटीच्या दोन्ही बाजूंना दात आहेत, तिथे झुकण्याची भीती असते, त्यामुळे माझ्यावरून त्यांनी ठरवू नये.

मेणाचे_दात

दादा, एकेक करून लिहिते.

एका बाजूच्या आधाराचा ब्रिज असतो, त्याला कॅंटिलीव्हर म्हणतात. भिंतीत एकाच टोकाला रोवलेल्या फळीसारखा. फळीच्या मोकळ्या टोकावर वजन टाकलं की सगळी ओढ रोवलेल्या टोकावर येते. रानजाई ताईंच्या पुढच्या छोट्या दाताला तो भार कमी असतो म्हणून तिथे एक पंख पुरतो. सहाव्या दाढेवर तोंडातला सर्वांत मोठा भार येतो, आणि तो पेलायला एकटी सातवी, तीही आधीच फिलिंगने पोखरलेली. मला अशी ऑर्डर आली तर मी काम हातात घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारेन. आकडेही तेच सांगतात: एका बाजूच्या आधाराचे ब्रिज दहा वर्षांनी १०० पैकी साधारण ८२ उरतात, दोन्ही बाजूंच्या आधाराचे ८९. मेरीलँडही दाढेच्या जागी चिकटून राहणं अवघड जातं. म्हणून पाचवा वाचवायचाच असेल तर सरळ इम्प्लांट करा, मधली वाट शोधू नका.

इम्प्लांटबद्दल एक लक्षात ठेवा, तिथे तुमच्या हाती वेळ मोजका आहे. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. तुमचे साडेतीन महिने झाले. आधी त्रिमितीय स्कॅन काढून घ्या. हाडाची रुंदी किती उरली आहे आणि खालच्या जबड्यातली नस किती खोल आहे, दोन्ही त्यात दिसतं. नसेपासून दोन मिलिमीटरचं अंतर राखावं लागतं. हाड पुरेसं असेल तर शस्त्रक्रियेची भीती बाळगू नका. हे काही काल निघालेलं नाही, ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट १९६५ साली बसवले.

आता धातू की झिरकोनिया. धातूवरच्या पोर्सिलेनचा ब्रिज मी अक्षरशः हजारोंनी केला आहे. चांगला टिकतो, फक्त वरचं पोर्सिलेन कधीतरी टवका उडून पडतं, आणि हिरडी खाली गेली की कडेला करडी रेघ दिसते. मागच्या दाढेला ती रेघ कोण पाहणार. अखंड झिरकोनियाला टवका सहसा उडत नाही आणि दातही थोडा कमी घासावा लागतो. त्याला दोन अटी. एक म्हणजे खोटा दात आणि कॅप जिथे जुळतात त्या सांध्याचा छेद दाढेच्या जागी निदान नऊ चौरस मिलिमीटरचा हवा. तुमचे दात बुटके असतील तर तेवढी उंची मिळत नाही, आणि मग धातू बरा. दुसरी अट पॉलिशची. ब्रिज बसवताना डॉक्टर तो उंच लागतो म्हणून वरून घासतात. घासल्यावर झिरकोनिया खरखरीत होतो, आणि तसाच ठेवला तर वरच्या चांगल्या दाताला तो झिजवत राहतो. घासलं असेल तर "पुन्हा पॉलिश करा" असं स्पष्ट सांगा.

रंग ठरवायचं काम भेटीच्या सुरुवातीलाच करून घ्या, खिडकीच्या उजेडात. तोंड उघडं ठेवून दात कोरडे पडले की ते पांढरट दिसायला लागतात, आणि तेव्हा रंग निवडला तर माझ्याकडे चुकीचा नंबर येतो. सोळा छटांची पट्टी असते. मला एकदा दुपारी उशिरा, काम संपल्यावर निवडलेला नंबर आला होता. मी त्याप्रमाणेच दात केला, आणि तो महिनाभरात परत आला, कारण बाकीच्या दातांत तो चुन्यासारखा उठून दिसत होता.

आणि साफसफाई. यावर मी सर्वांत जास्त बोलते, कारण ब्रिज आतून जातो तो बहुतेकदा आधाराच्या दातांच्या कडेला लागलेल्या किडीने. खोट्या दाताला कीड लागत नाही. कॅपची कड जिथे खऱ्या दाताला मिळते, तिथे मॉडेलवर मी लाल पेन्सिलने रेघ मारते. सगळं काम त्या रेघेवर उभं असतं. मी ती रेघ भिंगाखाली दोन-दोन तास जुळवते, आणि तोंडात गेल्यावर तिचं रक्षण फक्त तुमच्या हातात असतं.

साधा दोरा ब्रिजमधून वरून खाली जात नाही, कारण तिन्ही दात जोडलेले असतात. त्यासाठी वेगळा दोरा मिळतो, सुपरफ्लॉस. त्याचं एक टोक कडक असतं, मधला भाग स्पंजासारखा फुललेला आणि उरलेला साधा. कडक टोक गालाच्या बाजूने खोट्या दाताच्या खाली घालायचं, जिभेच्या बाजूने ओढून घ्यायचं, फुललेला भाग खाली आला की थांबायचं. मग तो पाचव्या दाताच्या मागच्या बाजूला गुंडाळून वर-खाली पाच-सहा वेळा फिरवायचा. तसाच सातवीच्या पुढच्या बाजूला. शेवटी खोट्या दाताच्या पोटाखालून गाल ते जीभ असा पुढेमागे ओढायचा. रोज रात्री एकदा. पहिल्या आठवड्यात थोडं रक्त येईल, घाबरू नका. दोन आठवड्यांनीही येत राहिलं तर दाखवा. ज्यांना दोरा जमत नाही त्यांनी बारीक ब्रश वापरावा, दातांच्या मधल्या फटीत घालायचा, पण त्याचा आकार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

हे सगळं जमण्यासाठी खोट्या दाताचं पोट आधी नीट घडवलेलं हवं. ते बाहेरच्या बाजूला फुगीर आणि गुळगुळीत हवं, हिरडीला जेमतेम टेकणारं. खोगिरासारखं हिरडीवर दोन्हीकडून पसरलेलं असेल तर त्याच्या पोकळीत दोरा पोचतच नाही. खालची सहावी दाढ हसताना फारशी दिसत नाही, तिथे काही डॉक्टर हिरडी आणि दात यांत मुद्दाम मोकळी जागा ठेवतात. साफ करायला ती सर्वांत सोपी. काहींच्या जिभेला ती खटकते, ते मात्र खरं.

रानजाई

ताई, हे सगळं मी जपून ठेवते आहे. माझ्या आईच्या तोंडात बारा वर्षं जुना ब्रिज आहे, तिला आजवर कुणी सुपरफ्लॉसचं नावही सांगितलेलं नाही.

मेणाचे_दात

रानजाई ताई, आईंना आधी दाबून बघायची परीक्षा करायला लावा. बारा वर्षांच्या ब्रिजला एक एक्स-रेही काढून घ्या.

सांजवारा

अकरा दिवसांनी लिहितोय. स्कॅन झाला. हाडाची रुंदी साडेचार मिलिमीटर निघाली. इम्प्लांट करायचा तर आधी हाड भरावं लागेल, मग पाच-सहा महिने थांबायचं, मग स्क्रू, मग पुन्हा थांबायचं. आणि ज्या पाचव्यासाठी मी एवढा अडून बसलो होतो, त्याच्या मागच्या बाजूला, जिथे जुनी कॅप टेकत होती तिथे, छोटी कीड दिसली. डॉक्टर म्हणाले की तेवढ्यासाठी नुसतं फिलिंगही पुरेल, कॅप लागणारच असं नाही. त्यांनी कुठलीच बाजू लावून धरली नाही, हे मला आवडलं. मुळं दोन्हींची हाडात पूर्ण आहेत.

दोन रात्री विचार केला आणि ब्रिज निवडला. पाचवा घासला गेला याचं दुःख आहेच. घासून झाल्यावर डॉक्टरांनी आरसा दिला तेव्हा तो लहानसा पिवळसर खुंट पाहून मी काही वेळ बोललोच नाही. त्याच दिवशी तात्पुरता ब्रिज बसवला. भुलेमुळे ओठ बधिर होता तेव्हा चावणं नीट वाटत होतं, पण घरी आल्यावर डावीकडे उंच लागायला लागलं. दुसऱ्या दिवशी जाऊन निळा कागद चावून घासून घेतलं, आता ठीक आहे. रंग सुरुवातीलाच घेतला, खिडकीजवळ. खोट्या दाताचं पोट फुगीर ठेवा असं मी सांगितलं, तर डॉक्टरांनी लॅबच्या चिठ्ठीवर ते माझ्यासमोरच लिहिलं.

पुढच्या गुरुवारी चाचणी आहे. तेव्हा आणखी काय बघू?

मेणाचे_दात

दादा, तुम्ही सगळं बघून निर्णय घेतला आहे, पाचव्यासाठी आता वाईट वाटून घेऊ नका. त्याच्यावर चांगली कड बसली आणि ती साफ राहिली तर तो वर्षानुवर्षं राहील.

चाचणीच्या दिवशी सुपरफ्लॉसचं पाकीट खिशात घेऊन जा. ब्रिज खुंटांवर ठेवल्यावर डॉक्टरांना सांगा की मला खालून दोरा घालून बघायचा आहे. अडकला, फाटला, किंवा पोटाखालून गेलाच नाही, तर चिकटवू देऊ नका. लॅबला परत पाठवायला सांगा. तो बदलून द्यायला माझ्यासारख्या बाईला एक दिवस लागतो.

सांजवारा

पाकीट आजच आणलं. तात्पुरत्या ब्रिजखालून घालून बघितलं, तिसऱ्या वेळी जमलं.